संध्याकाळचं माप

पायाचं माप संध्याकाळी घ्यायचं असतं. हे मला वडिलांनी शिकवलं आणि गेली सव्वीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडतोय, पण कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ! सकाळी नऊला येऊन उभे राहतात, म्हणे घ्या माप. अहो, सकाळी पाय झोपून उठलेला असतो. दिवसभर चाललात, उभे राहिलात, की तो जरासा फुगतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावायला लागतो आणि मग शिव्या मी खायच्या. म्हणून माझा नियम आहे, पाचनंतर या, कागदावर दोन्ही पाय ठेवून सरळ उभे राहा, मी पेन्सिल फिरवतो. ज्याला पटत नाही त्याने तयार बूट घ्यावेत आणि सुखाने लंगडावं.

प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक कागद असतो. मागे नाव, पुढे पाय. पुढच्या वेळी माणूस आला की त्याच कागदावर दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने नवी रेघ. असे चारशेच्या वर कागद माझ्या खुर्चीमागच्या कपाटात आहेत. गावातली पोरं मोठी होताना मी त्या रेघांमध्ये पाहिली आहेत.

आता माझ्या वहिनीविषयी सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सरकारी दवाखान्यात कामाला आहे आणि तिचं मुख्य काम हत्तीरोगाच्या गोळ्या. वर्षातून एकदा घरोघरी जायचं, लहानथोर सगळ्यांना गोळ्या द्यायच्या, आणि समोर गिळायला लावायच्या. हातात देऊन निघून यायचं नाही. गिळल्यावर तोंड उघडायला सांगायची, जीभ वर करायला सांगायची, मगच दारावर खडूने खूण. बारा वर्षं ती हे करतेय. तिची मेहनत मला कुणी सांगायला नको, तिच्या चपला माझ्याकडेच येतात. वर्षाला तीन वेळा टाचा बदलतो मी तिच्या. पोस्टमनच्या दोनदा बदलतो.

लोक तिच्याशी वाद घालायचे. "बाई, मला काही झालेलं नाही, मी का घेऊ?" हे तर रोजचंच. तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"गोळी तुमच्यासाठी नाही, डासासाठी आहे," ती म्हणायची. "या रोगाचे जंत असतात, सुतासारखे. अंगात वर्षानुवर्षं राहतात आणि माणसाला पत्ता नसतो. त्यांची पिल्लं रक्तात फिरतात. डास तुम्हाला चावतो, पिल्लं घेऊन जातो, दुसऱ्याला देतो. सगळ्यांनी एकदम गोळी घेतली की डासाला न्यायला काही उरत नाही. चार-सहा वर्षं डासाला उपाशी ठेवा, रोग संपला."

इतकं सोपं करून सांगायची. आणि मी, तिचा सख्खा दीर, तिच्याच हातून घेतलेली गोळी जिभेखाली धरायचो.

हो. पहिल्या वर्षी मी गिळली होती. अंग तापलं, डोकं गरगरलं, दोन दिवस दुकान बंद. वहिनी म्हणाली होती की ज्याच्या अंगात जंत असतात त्यालाच असा त्रास होतो, म्हणजे गोळी लागू पडली. मी म्हटलं, लागू पडली की मारायला उठली? पुढच्या वर्षापासून पाण्याचा घोट घ्यायचा, मान हलवायची, ती वळली की मोरीत थुंकायची. सगळ्यांची तोंडं तपासणारी वहिनी माझं तोंड कधी तपासायची नाही. घरचा माणूस म्हणून. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. माझी मुलगी, चिमणी म्हणतो आम्ही तिला, पाच वर्षांची असताना गोळी घेऊन ओकाऱ्या काढायला लागली. तिला मी हळूच म्हटलं, जिभेखाली धर. ती शहाणी मुलगी. जे शिकवलं ते दरवर्षी न चुकता करायला लागली.

दुसरी गोष्ट माझ्या कसबाची. पंधरा वर्षांपूर्वी शाळेतले मास्तर दुकानात आले. संध्याकाळी, दुकानात कुणी नाही असं पाहून. डावा पाय घोट्याखाली सुजलेला, उजव्याच्या दीडपट. म्हणाले, "वर्गात पोरं पायाकडे बघतात. काही करता येईल का?" मी तीन दिवस डोकं खाजवलं. डावा बूट लहान दिसणार नव्हता. मग उजवा मोठा केला! बाहेरून दोन्ही सारखे, एकाच फर्म्याचे वाटावेत असे, आणि उजव्याच्या आत नमदा, म्हणजे दाबलेली जाड लोकर, आणि कापूस भरून चांगल्या पायाला घट्ट बसवला. मास्तर बूट घालून आरशापुढे उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मास्तरांनी कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला. आमच्या चार गल्ल्यांतले बावीस जण माझ्याकडून तसे बूट घ्यायला लागले. एकाला फार तर दुसऱ्याचं माहीत. मला सगळ्यांचं माहीत. मी कुणाकडे ब्र काढला नाही, वहिनीकडेही नाही.

तर मागच्या वर्षी दवाखान्याचे मोठे साहेब तपासणीला आले. पद्धत अशी की आधी गल्लोगल्ली सुजलेले पाय शोधायचे. जिथे सापडतील तिथल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. जिथे एकही नाही, ती गल्ली रोगमुक्त धरायची आणि गोळ्या बंद. साहेबांची माणसं सकाळी आठला निघाली, अकराला चहाला बसली. दारात विचारायचे, "कुणाचा पाय सुजतो का?" लोक म्हणायचे, "छे!" ते बुटांकडे बघायचे. दोन्ही बूट सारखे, चकचकीत. लिहा, नाही. आमच्या चारही गल्ल्यांत शून्य.

त्या दुपारी वहिनी दुकानात आली. चपलेचा पट्टा तुटला होता. स्टुलावर बसली आणि तिने चप्पल माझ्याकडे अक्षरशः फेकली.

"भावोजी, आठवड्याने पत्र निघेल. या गल्ल्या यादीतून गेल्या," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी इथे चालते. इथे रोग आहे. माणसं जिना चढताना कशी चढतात ते मला दिसतं. पण मला पाय कुणी दाखवत नाही, आणि साहेबांना पाय हवेत, माझा अंदाज नको."

"मग चांगलंच झालं की," मी चेष्टेवारी न्यायला बघितलं. "तुमच्या चपला वाचल्या."

ती हसली नाही. "आत्ता सोडलं तर सगळं पाण्यात. डास पुन्हा पोटभर जेवतील. दहा वर्षांनी आज पळणारी पोरं पाय ओढत चालतील."

मी पट्टा शिवत होतो. माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, कपाटात बावीस कागद होते. मी पट्ट्याला शेवटचा टाका घातला. तिने चप्पल घातली, उन्हात निघून गेली, आणि माझा दिवस खराब झाला तो झालाच.

त्याच संध्याकाळी चिमणी शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, "बाबा, डावा बूट चावतो."

मी उखडलो. माझ्या हातचा बूट आणि चावतो? दोन महिन्यांपूर्वीच केला होता! आणि मग आठवलं की तिचं माप मी रविवारी सकाळी घेतलं होतं. संध्याकाळी गिऱ्हाइकं असतात, घरच्या माणसाला कोण वेळ देतो? जगाला नियम शिकवणारा मी, पोटच्या पोरीचं माप वर्षानुवर्षं सकाळी घेत होतो.

"ये, उभी राहा," मी म्हटलं. तिचा कागद काढला, लाल पेन्सिल फिरवली. मग कागद मधोमध दुमडून दिव्यासमोर धरला. असं केलं की दोन्ही पाय एकावर एक येतात. उजव्याची रेघ आत होती. डाव्याची तिच्या बाहेर, चवड्यापासून टाचेपर्यंत, जवळजवळ बोटभर. मी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. तसे खळगे मी बावीस पायांवर पाहिले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"परीक्षेच्या आधीपासून. पण सकाळी नसतं बाबा. झोपून उठलं की जातं."

 आणि त्या क्षणी माझ्या हातांनी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. त्यांनी नमद्याचा तुकडा ओढला आणि तिच्या उजव्या बुटाचं अस्तर कापायला घेतलं. सवय, दुसरं काय!

चिमणी बघत होती. ती माझ्या दुकानात वाढलेली, तिला सगळं कळतं. "मास्तरांसारखे करताय?" ती म्हणाली.

"कुणाला दिसणार नाही बेटा. दोन्ही सारखे दिसतील."

"आणि काकूने विचारलं की मी पण नाही म्हणायचं?"

पंधरा वर्षांची पोर. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी चामडं कापायची रापी खाली ठेवली, दुकानाची फळी लावली आणि तिला घेऊन तडक भावाच्या घरी गेलो.

वहिनी भाजी चिरत होती. चिमणीने पाय पुढे केला आणि मी उभ्या उभ्या सगळं ओकलो. थुंकलेल्या गोळ्या, मोरी, पोरीला दिलेलं शिक्षण, सगळं. मला वाटलं, आता ही मला दाराबाहेर काढणार. काढायलाच हवं होतं. मला तेच हवं होतं, खरं तर.

वहिनीने हात धुतले, पुसले, जमिनीवर बसली आणि चिमणीचा पाय मांडीवर घेतला. बोटांच्या बेचक्यांत पाहिलं, घोट्याला फीत लावली, तो आकडा लिहून ठेवला.

"लवकर कळलंय," ती चिमणीला म्हणाली, माझ्याकडे न बघता. "रोज संध्याकाळी साबण लावून धुवायचा. बेचकी कोरडी करायची, एक थेंब पाणी राहता कामा नये. कुठे खरचटलं तर लगेच औषध. बसताना पाय वर. घोटा असा गोल फिरवायचा, शंभर वेळा. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, ते गोळ्या देतील. कंटाळायचं नाही. कंटाळलीस की पाय जिंकला."

मग माझ्याकडे वळली. "तुमचं तोंड मी बघायला हवं होतं. घरचा माणूस म्हणून सोडलं. चूक माझी."

"तुमची कशी? अहो, थुंकलो मी!"

"माझं काम गोळी वाटायचं नाही भावोजी, गिळलेली बघायचं आहे."

अकरा वर्षांत मी तिला इतकं कधी मानलं नव्हतं. शिवी दिली असती तर परवडली असती.

मी म्हटलं, "सगळे पाय माझ्याकडे आहेत. बावीस. दरवर्षीच्या रेघा, नावासकट. आत्ता आणून देतो, उद्या साहेबांच्या टेबलावर टाका."

मला वाटलं ती उडी मारेल. तिने मान हलवली. "नको. लोकांनी पाय तुमच्यापुढे उघडा केला, माझ्यापुढे नाही. त्यांना विचारा. जे हो म्हणतील तेवढेच."

"आठवड्यात पत्र निघणार आहे ना!"

"म्हणूनच आजपासून विचारा," ती म्हणाली आणि भाजीकडे वळली.

काय बाई आहे! हातात आलेली चीज, आणि नको म्हणते.

पहिले तीन दिवस मी एकटा फिरलो आणि बावीसपैकी दोघं हो म्हणाले. काहींनी ओळख दाखवली नाही. मास्तरांनी तर दार तोंडावर आपटलं. "चौदा वर्षं तुझ्यावर विश्वास ठेवला, तो याच्यासाठी?" आतून ऐकू आलं. त्यांचं खोटं नव्हतं. मी घरी येऊन जेवलो नाही.

चौथ्या दिवशी चिमणी माझ्याबरोबर निघाली. मी नको म्हटलं. या गावात उद्या तिच्याकडे लोक कसे बघतील, हे माझ्या डोक्यात. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दुसऱ्यांचे पाय मागताय. आपला दाखवला का?" मास्तरांचं दार तिनेच वाजवलं. दार उघडल्यावर उंबऱ्यापाशी बूट काढला, मोजा काढला आणि संध्याकाळचा फुगलेला पाय फरशीवर ठेवला.

"सर, मी पण," ती म्हणाली. "काकू म्हणते, माझा उतरेल. पण गोळ्या बंद झाल्या तर पहिलीतल्या पोरांचे सुजतील."

मास्तरांनी तिला गणित शिकवलं होतं. ते तिच्या पायाकडे वाकले. मग भिंतीचा आधार घेऊन खाली बसले आणि आपल्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागले. मी पुढे झालो तर म्हणाले, "राहू दे. मला येतं."

त्यानंतर मास्तरच आमच्याबरोबर फिरले. दोन संध्याकाळी, ओढत्या पायाने. बावीसपैकी एकोणीस जण हो म्हणाले.

आता साहेबांना आणायचं होतं. साहेबांची वेळ दहा ते पाच. वहिनीने त्यांच्या कचेरीत ठाण मांडलं. "सकाळी हलकी सूज उतरलेली असते, साहेब. संध्याकाळी सहाला या." साहेब म्हणाले, सकाळी बघायचं असंच कागदावर आहे. वहिनी म्हणाली, "पाय कागद वाचत नाहीत." हे मला शिपायाने सांगितलं, आणि साहेब आधी चिडले, मग हसले, मग आले, हेही त्यानेच सांगितलं.

दवाखान्याच्या मोठ्या खोलीत एकोणीस माणसं बाकांवर बसली होती आणि चिमणी विसावी. दाराबाहेर माझ्या हातचे बूट ओळीने. साहेबांनी आत जाताना ते पाहिले. थबकले. एक जोडी उचलली, उलटून पाहिली. मग आत जाऊन पाय पाहिले, बाहेर येऊन पुन्हा बूट पाहिले.

"कुणी केले हे?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"सुंदर काम आहे," ते म्हणाले.

आयुष्यभर हे वाक्य कुणीतरी मोठ्या माणसाने म्हणावं म्हणून मी जीव टाकला होता. त्या दिवशी ते ऐकून मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. वहिनी मागे उभी होती. तिने हळूच म्हटलं, "काम सुंदरच आहे. आता त्यांना मोकळे, हवेशीर करून द्या. पाय कोरडा राहील असे." म्हणजे तेही माझ्याच पदरात घातलं, शिक्षा म्हणून नाही, काम म्हणून.

पत्र थांबलं. चारही गल्ल्यांत सगळ्यांच्या बोटाला टोचून रक्त घेतलं. एकसष्ट जणांच्या रक्तात रोग निघाला, त्यातल्या बहुतेकांना काडीचाही त्रास नव्हता. त्या एकसष्टांत मी होतो. तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ, म्हणजे रोग असल्याची खूण, उमटली तेव्हा वहिनीच समोर होती. पाय माझे ठणठणीत, आयुष्यात कधी दुखले नाहीत. पण पिल्लं माझ्या रक्तात, आणि चिमणी माझ्या शेजारच्या खाटेवर झोपते.

"वहिनी," मी म्हटलं, "डास मला चावला आणि मग तिला."

"कुठला डास कुणाकडून आला हे कुणालाच सांगता येत नाही," ती म्हणाली. मग पट्टी बाजूला ठेवून दोन गोळ्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. "पुढचा कुठे जाईल, तेवढं आपल्या हातात आहे."

मी गिळल्या. तिने सांगायच्या आधी तोंड उघडलं, जीभ वर केली. तिने वाकून बघितलं, चांगलं निरखून, परक्या माणसाचं बघावं तसं. "पुढे," ती म्हणाली.

या गोष्टीला आता वर्ष झालं. दुकानाच्या कोपऱ्यात मी एक घमेलं, साबण आणि चार पंचे ठेवलेत. संध्याकाळी तिथे बैठक भरते. मास्तर पाय धुतात, खुर्चीवर वर ठेवतात आणि घोटा फिरवत मोठ्याने आकडे मोजतात, सत्तरीला आले की चुकतात, मग बाकीचे त्यांना गणित शिकवतात. त्यांचा पाय काही पूर्वीसारखा व्हायचा नाही. पण त्या पायापायी दर महिन्याला येणारा ताप थांबलाय आणि उघड्या पट्ट्यांच्या चपला घालून ते बाजारात जातात. वहिनी येते, सगळ्यांची बेचकी तपासते, कोरडी नसली की मास्तरांनाही सोडत नाही. परवा तिच्या टाचा पुन्हा बदलल्या, या वर्षात चौथ्यांदा.

काल गोळ्यांचा दिवस होता. आमच्या दारावर खडूची खूण झाली. वहिनी निघायला लागली तशी मी तिला थांबवलं, कारण मला एकट्याला धीर होत नव्हता. सहा वाजले होते. चिमणी दिवसभर शाळेत उभी राहून आली होती, खेळून आली होती. तिचा कागद काढला. गेल्या वर्षीच्या लाल रेघेवर तिने दोन्ही पाय ठेवले आणि मी निळी पेन्सिल फिरवली.  टाचेपाशी रेघ वाकडी आली, मी खोडून पुन्हा काढली.

कागद दुमडून दिव्यासमोर धरला. लाल रेघा अजूनही एकमेकींपासून बोटभर लांब होत्या. निळी एकच दिसत होती. मी कागद जवळ घेतला, लांब नेला, चष्मा पुसला. एकच.

वहिनीने तो माझ्या हातातून घेतला, स्वतः पाहिला, चिमणीच्या पावलावर अंगठा दाबला, उचलला, खळगा राहिला नाही. मग पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "उद्याही धुवायचा बरं का."

"माहीत आहे काकू," चिमणी म्हणाली.

ती पुढच्या घराकडे गेली. मी चामडं काढलं आणि पोरीचे बूट कापायला बसलो. दोन्ही एकाच मापाचे कापले. नमदा कपाटातून काढलाच नाही.